सेट दणकट, प्रोग्रामिंग गंडलेलं: कारखान्यातल्या वॉकीटॉकीचा हंगामभराचा अनुभव

आमच्या साखर कारखान्यात गेल्या गाळप हंगामाला नवे यूएचएफ वॉकीटॉकी आले. परवान्यातली फ्रिक्वेन्सी, रिपीटर (मधे आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र) नाही, सेट टू सेट. सेटबद्दल तक्रार नाही. बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा, पाणी, पडझड सगळं सोसलं, बॅटरी आठ तासांची पाळी आरामात काढते. डोकं उठवलं ते विक्रेत्याने भरून दिलेल्या सेटिंगने.

सुरुवात वजनकाट्यापासून. काट्यावरच्याला सगळ्यांचं ऐकू यायचं, त्याचं कुणालाच ऐकू जायचं नाही. पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं की लाल दिवा लागायचा, म्हणजे सेट पाठवत तर होता. बॅटरी बदलली, अँटेना बदलला, ढिम्म. गोम टोनमध्ये होती. हा टोन, सीटीसीएसएस, म्हणजे बोलण्याखालून जाणारी बारीक गुणगुण, साधारण 67 ते 254 हर्ट्झमधली. ठरलेली गुणगुण आली तरच समोरच्याचा स्पीकर उघडतो. या सेटमध्ये ऐकण्याचा टोन भरला होता, पाठवण्याचा रकाना रिकामा. असं झालं तर दुसऱ्या सेटचं मॉनिटर बटण (टोन न बघता स्पीकर उघडणारं) दाबून ऐका. तेव्हा आवाज आला तर घोळ बहुधा टोनचाच. आणि टोन लावला म्हणजे बोलणं गुप्त झालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. टोन न लावलेल्या सेटवर सगळं ऐकू येतं.

दुसरा प्रकार जास्त छळणारा, कारण सेट चालतोय असंच वाटतं. चॅनलची रुंदीच जुळत नव्हती: जुने सेट 25 किलोहर्ट्झवर, नवे 12.5 वर. नव्याचं बोलणं जुन्यावर पुटपुटल्यासारखं, जुन्याचं नव्यावर फाटकं. त्यात मिलच्या गोंगाटात माणूस ओरडणारच, आणि जितकं ओरडावं तितकी मधली अक्षरं गायब! गव्हाणीवरचे (मिलमध्ये ऊस टाकतात तिथले) म्हणायचे, ‘सेटच भिकार.’ सगळे 12.5 वर आणल्यावर तेच सेट स्वच्छ बोलायला लागले.

टाइम-आउट टायमर, म्हणजे बटण फार वेळ दाबलेलं राहिलं तर पाठवणं आपोआप तोडणारी सोय, बंदच होता. यार्डातल्या क्रेनवाल्याच्या सीटखाली पीटीटी दाबलं गेलं आणि चॅनलवर बराच वेळ फक्त इंजिनची घरघर. बैलगाड्या, ट्रॅक्टर काट्यासमोर तुंबले. आता टायमर 60 सेकंदांवर आहे.

दुरुस्तीला आलेल्या पोराने तर कहर केला. प्रत्येक सेटमधली सेटिंग आधी रीड न करता (संगणकावर उतरवून न घेता) सेटिंगची एकच फाइल सगळ्यांत राइट करून गेला. बॉयलरचा वेगळा चॅनल गेला, काट्याचा टोन पुन्हा गायब. त्यानंतर आम्ही फाइलची प्रत मागून घेतली. तुम्ही बिल देण्याआधीच मागा, काही जण नंतर पासवर्ड लावून बसतात.

एक दुखणं अजून आहे. स्कॅन (आळीपाळीने सगळे चॅनल ऐकणं) चालू असताना दोन नंबरच्या चॅनलवर हाक आली की आपलं उत्तर जातं एक नंबरवर. विक्रेता म्हणाला होता, हंगाम संपला की बघू. पट्टा पडून महिने झाले, पुढची मोळी टाकायची वेळ आली.