एन्क्रिप्शन मोड: ‘अलाउ’ ठेवावा की ‘रिक्वायर’?
क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट डाउनलोड करण्याच्या प्रोग्रॅमच्या ऑप्शन्समध्ये बिटटॉरेंट टॅबवर हा पर्याय सापडतो. ‘अलाउ’मध्ये साध्या (एन्क्रिप्शन नसलेल्या) जोडण्याही चालतात, त्यामुळे पीअर (फाइल वाटून घेणारे इतर संगणक) भरपूर. पण साध्या हँडशेकचा (जोडणी सुरू करणाऱ्या संदेशाचा) पहिलाच बाइट 19, आणि त्यामागे ‘बिटटॉरेंट प्रोटोकॉल’ ही अक्षरं उघडी. टॉरेंटचा वेग दाबणाऱ्या इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेला एवढं पुरतं. ‘रिक्वायर’मध्ये आधी 768 बिटांची डिफी-हेलमन देवाणघेवाण होते (यात गुप्त किल्ली ठरते), मग आरसी4 पद्धतीचं एन्क्रिप्शन. ओळखीची अक्षरं दिसतच नाहीत. मात्र एन्क्रिप्शन बंद ठेवलेले पीअर गळतात आणि दोन-तीनच सीडर (पूर्ण फाइल जवळ असलेले पीअर) असलेली फाइल 97 टक्क्यांवर अडकून बसू शकते.

टॉरेंटचाच वेग पडत असेल तर ‘रिक्वायर’ करून बघा, एरवी ‘अलाउ’च बरा. आयपी पत्ता दोन्हींत उघडाच (हा बुरखा आहे, कुलूप नव्हे). जोडण्यांची संख्या पाहून वेग दाबला जात असेल, तर दोन्ही सारखेच निरुपयोगी.