डेटाबेस मंदावल्यास स्वयंचलित निदान घ्यावे की दोष स्वतः शोधावा?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्यात सर्व्हर, नेटवर्क, प्रिंटर आणि बिलिंग हे सगळे बहुधा एकाच छोट्या विभागाकडे असते. ‘सॉफ्टवेअर फार संथ चालते’ अशी तक्रार आली, की आपोआप निदान करणाऱ्या साधनासाठी पैसे मोजावेत की मोजमापे पाहून दोष स्वतः शोधावा, हा प्रश्न त्यामुळे खर्चाइतकाच मनुष्यबळाचाही ठरतो.

ओरॅकल हा डेटाबेस वापरणाऱ्यांपुढे ही निवड सर्वांत ठळकपणे येते. १०जी या आवृत्तीपासून त्यात एडीडीएम हे निदानाचे साधन अंगभूत आहे. दर ६० मिनिटांनी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मोजमापांची नोंद, घेतला जातो. दोन स्नॅपशॉटांच्या दरम्यान सर्व सेशन्सनी (डेटाबेसशी जोडलेल्या वापरकर्त्यांच्या जोडण्यांनी) काम करण्यात आणि खोळंबण्यात घालवलेला वेळ कुठे खर्ची पडला हे ते तपासते आणि सर्वाधिक वेळ खाणारे कारण वर ठेवून उपायही सुचवते. एखादी क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) दिवसभर सर्व्हरला दमवत असेल, मेमरी अपुरी पडत असेल किंवा प्रत्येक ओळीनंतर कमिट करणाऱ्या, म्हणजे बदल पक्का करणाऱ्या, प्रोग्राममुळे लॉगवर (बदलांच्या नोंदवहीवर) ताण येत असेल, तर नवख्या माणसाला दिवसभर शोधावे लागेल ते या अहवालात आयते मिळते.

सरासरीत विरघळणारी अडचण मात्र त्याच्या हाती सहसा लागत नाही. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या पॅकहाऊसबाहेर कंटेनर भरून उभा आहे आणि आत पावतीची स्क्रीन ४ मिनिटे गोठली आहे, असे समजा. कारण इतकेच, की साठ्याची तीच नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आणि कमिट न करताच तो चहाला गेला. त्या तासात सरासरी १० सेशन्स सक्रिय असतील, तर एकूण वेळ ६०० मिनिटे होतो आणि ही ४ मिनिटे त्याच्या १ टक्क्याहूनही कमी भरतात. अहवालात वरचे स्थान मिळते ते उशिरा आला तरी कुणाचे बिघडत नाही अशा एखाद्या जड मासिक अहवालाला. साधनाचा हिशेब बरोबरच असतो. पण कोणता उशीर महागात पडतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

येथे ओरॅकलचेच एएसएच हे दुसरे साधन उपयोगी पडते, कारण ते सक्रिय सेशन्सची नोंद दर सेकंदाला घेते. वरच्या खोळंब्याच्या सुमारे २४० नोंदी मेमरीत मिळतात. चहाला गेलेल्याचे सेशन निष्क्रिय असल्याने स्वतः त्यांत येत नाही, पण अडकलेल्या सेशनच्या नोंदीत त्याचा क्रमांक असतो. डिस्कवर दहापैकी एकच नमुना जात असल्याने दुसऱ्या दिवशी त्यांतल्या २४च्या आसपास उरतात. लॉक, म्हणजे असा एकाने दुसऱ्याला अडवलेला प्रकार, ओळखायला तेवढ्या पुरतात, २-३ सेकंदांचा अडथळा मात्र निसटू शकतो. साठवणीचा मूळ अवधीही ८ दिवसांचाच आहे. दोन महिनाअखेरींची तुलना करायची असेल, तर तो आधीच वाढवून ठेवावा लागतो.

खरा सापळा परवान्याचा आहे. एडीडीएम, त्याचे स्नॅपशॉट आणि एएसएच या तिन्हींसाठी डायग्नोस्टिक्स पॅक हा जोड-परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो केवळ एंटरप्राइज या वरच्या श्रेणीच्या आवृत्तीवरच मिळतो. त्या आवृत्तीत या सुविधा मुळातच उघड्या असतात, त्यामुळे कुणी सहज अहवाल काढला तरी त्या वापराची नोंद डेटाबेसमध्येच राहते. पॅक घेतलेला नसेल, तर या सुविधांचा पॅरामीटर (सेटिंग) आजच बंद करावा. स्टँडर्ड या खालच्या श्रेणीच्या आवृत्तीवाल्यांसाठी ओरॅकलचेच स्टॅट्सपॅक हे साधन आहे. ते विनामूल्य आहे आणि आकडे चोख देते, पण अर्थ आपल्यालाच लावावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २०१६पासून क्वेरी स्टोअर, म्हणजे क्वेरींचा इतिहास साठवणारी सोय, सर्व आवृत्त्यांत मिळते. २०२२च्या आधीच्या सर्व्हरवर ते स्वतः चालू करावे लागते. कालपर्यंत वेगाने चालणारी क्वेरी आज प्लॅन (ती पार पाडण्याचा डेटाबेसने ठरवलेला मार्ग) बदलल्यामुळे रखडली असेल, तर याइतके सोयीचे दुसरे काही नाही. त्याच सर्व्हरच्या ‘नसलेल्या इंडेक्सां’च्या, म्हणजे माहिती लवकर सापडावी म्हणून नव्या सूची बनवण्याच्या, सूचना मात्र जशाच्या तशा स्वीकारू नयेत, कारण प्रत्येक नवा इंडेक्स नोंद लिहिण्याचे काम वाढवतो आणि तो भार त्या सूचनांत धरलेला नसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये विनामूल्य मिळणाऱ्या पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स या क्वेरींचा हिशेब ठेवणाऱ्या साधनाचे आकडे साचत जातात. ठरावीक वेळाने ते वेगळे साठवले नाहीत, तर कालची संध्याकाळ त्यांतून वेगळी काढता येत नाही.

एंटरप्राइज आवृत्ती आधीच घेतलेली असून संथपणा तासन्‌तास टिकत असेल, तर पॅकचा खर्च करावा, असे माझे मत आहे. केवळ पॅकसाठी आवृत्ती बदलू नये. त्या पैशात अनुभवी माणसाकडून स्टॅट्सपॅक वाचून घेणे बरे. तक्रार क्षणिक अडकण्याची असेल, तर साधन कोणतेही असो, पावती करणाऱ्याच्या टेबलावर एक वही ठेवावी आणि स्क्रीन गोठल्याची वेळ मिनिटासह तिच्यात लिहायला सांगावे. ती वेळ नसेल, तर २४० नोंदींपैकी कोणत्या पाहायच्या हेच कळणार नाही.