प्रत्यारोपण नर्सिंगची प्लेसमेंट: अवयव घेणाऱ्याची शुश्रूषा उत्तम शिकवतात, दात्याची नाही

राज्याबाहेरच्या एका मोठ्या मूत्रपिंड प्रत्यारोपण केंद्रात गोव्यातल्या बी.एस्सी. नर्सिंग आणि जीएनएम (नर्सिंग पदविका) यांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी चार आठवड्यांच्या प्लेसमेंटला जातात. त्या प्लेसमेंटचा हा आढावा, त्यांची लॉगबुकं आणि परतल्यावरच्या प्रात्यक्षिक परीक्षा यांच्या आधारे लिहिलेला. दोन आठवडे आयसीयू, एक आठवडा वॉर्ड, उरलेले दिवस ओपीडी, थिएटर आणि समुपदेशन अशी वाटणी असते.

आयसीयूतलं शिक्षण खरोखर चांगलं आहे. नवं मूत्रपिंड बसवल्यावर पहिले चोवीस तास लघवी दर तासाला मोजायची आणि तेवढाच द्रव पुढच्या तासात शिरेतून परत द्यायचा, हे तिथे हातात बसेपर्यंत करून घेतात. तीन-चार तासांचे आकडे एकदम लिहून काढायची सवय इथे मोडते, कारण एका तासाची चूक पुढच्या तासाच्या सलाइनमध्ये उतरते. ताशी तीनशे मिली येणारी लघवी अचानक वीसवर आली तर आधी नळी पाहायची: पिळवटली आहे का, रुग्णाच्या मांडीखाली दबली आहे का, रक्ताची गुठळी अडकली आहे का. लगेच डॉक्टरांना कळवायचं आणि कॅथेटर धुवायचा तो त्यांच्या सांगण्यावरून, निर्जंतुक सलाइनने, जोर न लावता. ड्रेनमधलं, म्हणजे जखमेतून पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतलं पाणी वाढलं तर त्याचं क्रिएटिनिन (लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) तपासायला पाठवतात. ते रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर लघवी आत गळते आहे. फिस्चुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर बीपी नाही, सुई नाही, हे तर पहिल्या दिवशीच सांगितलं जातं.

टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं औषध, त्याचा धडा सर्वांत मोलाचा. औषध सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने द्यायचं आणि पातळीसाठी रक्त सकाळच्या डोसच्या आधी घ्यायचं, जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत, कारण हे औषध मुख्यतः तांबड्या पेशींत असतं. घोळ होतो तो वेळेचा. औषधाची ट्रॉली आठला येते, रक्त घेणारा नऊला. तोवर डोस पोटात गेलेला असतो, पातळी फुगीर दिसते, डॉक्टर डोस कमी करतात आणि शरीर अवयव नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणून या केंद्रात नमुन्याच्या नळीवर शेवटच्या डोसची वेळ लिहिल्याशिवाय ती पुढे जात नाही. ही पद्धत गोव्यातल्या प्रत्येक वॉर्डात यायला हवी.

घरी जाताना द्यायच्या सूचनांचं पत्रक मात्र तिथल्या शहरासाठी लिहिलेलं आहे. त्यात ग्रेपफ्रूट टाळा असं आहे; आपल्याकडे ते कोण खातं? आपल्याला सांगायला हवं पपनसाबद्दल. चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीला ते बांधतात, मग घरात सोलून वाटतात, आणि तेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतं. करमलं, म्हणजे स्टार फ्रूट, मूत्रपिंड कमकुवत असलेल्याने खाऊच नयेत. तिसऱ्या (शिंपले) आणि कालवं अर्धकच्ची नकोत, पावसाळ्यात विहिरीचं पाणी उकळून, आणि शेतातल्या चिखलात उघड्या जखमेने उतरणं बंद, कारण लेप्टोस्पायरोसिस. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची पातळी वाढते, तेव्हा दोन दिवस घरी वाट पाहू नये, हेही स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. शिक्षिकांनी विद्यार्थिनींकडून हे पत्रक कोंकणी आणि मराठीत नव्याने लिहून घ्यावं.

मोठी उणीव दात्याच्या बाजूची. चार आठवड्यांत मेंदूमृत (मेंदू कायमचा थांबलेला, पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू असलेल्या) दात्याच्या शुश्रूषेला मिळतो एक तासाचा वर्ग आणि सरावाचा पुतळा. नोकरी लागल्यावर यांतल्या बहुतेक मुली प्रत्यारोपण युनिटमध्ये नसतील; त्या मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या आयसीयूत असतील, आणि अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण तिथेच येतो. १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या तीन राज्यांत सर्वांत आधी लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशाबरोबर गोवा होता. २०११च्या दुरुस्तीनंतर प्रत्यारोपण न करणारं रुग्णालयही नोंदणी करून दात्याचे अवयव काढून देण्याचं केंद्र होऊ शकतं. मग तिथली सिस्टर तयार नको?

त्या एका तासात ज्या गोष्टी निसटतात, त्यांवरच सारं अवलंबून असतं. मेंदूमृत्यूच्या तपासण्या चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा करतं, मध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून, आणि नोंद फॉर्म १०वर होते. अ‍ॅप्निया टेस्टआधी (रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का ते पाहणाऱ्या तपासणीआधी) दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढून नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि छाती-पोटाकडे टक लावून बसतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६०च्या वर गेला किंवा आधीपेक्षा २०ने वाढला आणि तरी श्वास नाही, तर टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे मेंदूमृत्यूच्या बाजूने. व्हेंटिलेटर जोडलेलाच ठेवला तर हृदयाच्या ठोक्यांनीही मशीन श्वास मोजतं आणि सगळे गोंधळतात. अंग गार असेल तर टेस्टच लांबते. ब्लँकेट आणि गरम केलेलं सलाइन लावणं हे सिस्टरचं काम.

त्यानंतरचे तास आणखी कठीण. पिट्युटरी (लघवीवर ताबा ठेवणारं संप्रेरक सोडणारी डोक्यातली ग्रंथी) काम करेनाशी झाली की लघवी पाण्यासारखी वाहते. साठ किलोच्या माणसाला ताशी २४० मिलीहून जास्त लघवी होऊ लागली, तर डायबेटिस इन्सिपिडस (हा साखरेचा मधुमेह नव्हे) समजून लगेच रक्तातलं सोडियम तपासायला पाठवायचं. ते १५५च्या वर राहिलं तर यकृताला फटका बसू शकतो. सरासरी रक्तदाब ६५च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पापण्या मिटलेल्या आणि ओल्या ठेवायच्या, नाहीतर कॉर्निया, म्हणजे डोळ्यांचे पुढचे पारदर्शक पडदे, सुकून वाया जातात. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांना संमती मिळताच कळवायचं, थिएटरची वेळ ठरल्यावर नाही.

समुपदेशनाचे दोन दिवस विद्यार्थिनी नुसत्या मागे उभ्या राहतात. सत्तरी-पेडण्याचं कुटुंब मराठी-कोंकणीत बोलणार, सासष्टीतलं वेगळ्या कोंकणीत. मृत्यूची बातमी आणि अवयवांची विचारणा एकाच वाक्यात करायची नाही, ही साधी गोष्टही कुणी करून दाखवत नाही. प्रत्यारोपण समन्वयकाच्या (दात्याचं कुटुंब आणि रुग्णालय यांना जोडणाऱ्याच्या) कामाकडे वळायचं असेल तर प्लेसमेंटवर विसंबू नका. २०१४च्या नियमांनुसार नर्स त्या पदाला पात्र आहे, आणि अवयवदानासाठी काम करणाऱ्या मोहन फाउंडेशनसारख्या संस्थांचं समन्वयकांसाठीचं प्रशिक्षण त्यासाठी जास्त उपयोगी आहे.

मूत्रपिंड किंवा डायलिसिस युनिटमध्ये जायचं ठरलेलं असेल तर ही प्लेसमेंट जरूर घ्यावी. ट्रॉमा आयसीयूत जाणारीने कॉलेजकडे मागणी करावी की वॉर्डच्या आठवड्यातले चार दिवस न्यूरो आयसीयूला द्या, आणि लॉगबुकात तीन नोंदी सक्तीच्या करा: एक अ‍ॅप्निया टेस्ट पाहिलेली, दात्याचा एक पूर्ण ताशी तक्ता, आणि कुटुंबाशी झालेलं एक बोलणं, घरच्यांची हरकत नसेल तेव्हा. फी भरण्याआधी केंद्राला विचारा की गेल्या तुकडीतल्या किती जणींना प्रत्यक्ष दाता पाहायला मिळाला.