जाड दिसली म्हणून घेतलेली केबल

ज्यांच्या दारात अजून सहा व्होल्टची जुनी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बॅटरीची केबल बदलायचं साधं काम होतं. त्यात माझे 15,200 रुपये गेले, आणि पैशाने परत येणार नाही अशी एक वस्तूही गेली.

गाडी 1951ची डॉज किंग्जवे, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळवलेली. आजोबांनी सेकंडहँड घेतली, आप्पांनी सांभाळली, आता माझ्याकडे आहे. आम्ही दादरला समुद्राच्या बाजूला राहतो. पावसाळा सरला की बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड धरलेली असतेच. दरवर्षी गरम पाण्याने आणि खायच्या सोड्याने ती धुतो. मागच्या वर्षी धुताना पाहिलं तर दोन्ही केबलचं कापडी आवरण कुजून सुटायला लागलं होतं. आतली तार मात्र शाबूत होती, लालबुंद तांबं. आवरण गेलंय तर केबलच बदलू, असं मनात आलं.

सहा व्होल्टच्या गाडीला केबल का जपावी लागते, ते आधी सांगतो. सेल्फला इंजिन फिरवायला ताकद तेवढीच लागते. बारा व्होल्टला ज्या कामाला सव्वाशे अँपिअर पुरतात, त्याच कामाला सहा व्होल्टला अडीचशे लागतात. करंट दुप्पट म्हणून त्याच केबलमध्ये व्होल्टही दुप्पट पडतात, म्हणजे वाटेतच वाया जातात, आणि पडतात ते निम्म्या व्होल्टेजमधून. म्हणजे बारा व्होल्टला चालून जाणारी केबल सहा व्होल्टला चौपट महाग पडते. आजच्या छोट्या गाड्यांना 16 किंवा 25 स्क्वेअर एमएमची केबल असते. आपल्या गाडीला 50 तरी हवी, 70 असेल तर उत्तम, आणि तीही निव्वळ तांब्याची. इथवर मला माहीत होतं, म्हणून मी दुकानात ठामपणे ‘70 स्क्वेअर, प्युअर कॉपर’ असंच मागितलं.

दुकानदार बोलायला फार गोड. गाडीचं नाव ऐकून त्याने चहा मागवला, वडिलांची चौकशी केली. काढून दाखवलेली केबल अंगठ्याएवढी जाड होती, वर ‘70’ छापलेलं. कापलेल्या टोकाशी तांबूस तारा चमकत होत्या. लांबी मोजायला मी जुन्या दोन्ही केबल नेल्या होत्या. ‘नमुना राहू दे, लग बरोबर बसवून देतो,’ म्हणत त्याने त्या आत ठेवल्या. लग म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोपण. मी ठेवू दिल्या. संध्याकाळी तयार केबल घेतल्या, 3,200 रुपये दिले. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर आकडा लिहून मिळाला. पैसे यूपीआयने गेले तेही दुकानाच्या नाही, कुणा माणसाच्या खात्यावर. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी बोललो नाही.

गाडीने सेल्फ घेतला, पण रडत रडत. पूर्वी दोन फेऱ्यांत लागणारं इंजिन आता उसासे टाकून थांबायचं. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला बॅटरी गेली. त्याच्याकडूनच 7,500ची नवी आणली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग तो म्हणाला सेल्फचं वाइंडिंग दमलंय. त्यानेच सांगितलेल्या माणसाकडे 4,500 देऊन सेल्फ भरून आणला. तरी गाडी हूं की चूं करीना, तेव्हा म्हणाला, ‘साहेब, कशाला सहा व्होल्टच्या मागे लागताय? बारा व्होल्टची करून टाका.’ आप्पा शेजारी बसले होते. ते काही न बोलता उठून आत गेले.

भांडं फुटलं भंगारवाल्याकडे. जुनी बॅटरी द्यायला गेलो होतो. पिशवीत नव्या केबलचा उरलेला मीटरभर तुकडा होता, तोही टाकून द्यावा म्हणून पुढे केला. त्याने तो हातावर तोलला, लगेच टोकाच्या दोन तारा फरशीवर घासल्या आणि माझ्यासमोर धरल्या. घासल्या जागी तारा पांढऱ्याफटक होत्या. आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. काट्यावर तुकडा भरला साडेतीनशे ग्रॅम. 70 स्क्वेअरच्या मीटरभर केबलमध्ये नुसतं तांबंच सव्वासहाशे ग्रॅम असायला हवं, आवरणाचं वजन वेगळं. ब्लेडने आवरण उभं चिरलं तेव्हा जाडी कशाची होती ते दिसलं. बोटभर प्लॅस्टिक, आणि मधे तारांची बारीकशी जुडी. ती 35 स्क्वेअरचीही जेमतेम भरली असती.

आमच्या इमारतीत बेस्टच्या डेपोतून निवृत्त झालेले एक वायरमन काका आहेत. संध्याकाळी ते मल्टीमीटर घेऊन खाली आले. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन लागणार नाही, नुसतं फिरेल. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या खुंटावर धरलं. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच. दुसरं सेल्फच्या बोल्टवर. मला सेल्फ मारायला सांगितलं. काटा 0.8वर गेला. मग अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली बाजू, बॅटरीचा दुसरा खुंट आणि सेल्फचं अंग: 0.5. म्हणजे 1.3 व्होल्ट वाटेतच जळत होते. काकांनी माझा हात धरून लगवर टेकवला. चटका बसला. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने गंज धरतो आणि दाबाखाली ते हळूहळू सरकतं, म्हणून लगची पकड सैल होत जाते, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत बसायला हवं, हा त्यांचा हिशेब. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती आधी केली असती तर मी ना बॅटरी घेतली असती, ना सेल्फ उघडला असता. दोन्ही ठणठणीत होते.

नवी केबल घ्यायला काका बरोबर आले. या वेळी वेल्डिंगची केबल घ्यायची होती, पण ती तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची, दोन्ही मिळते, हे दुकानात शिरायच्या आधीच त्यांनी बजावलं. तिथे त्यांनी एक तार खरवडून पाहिली, मीटरभर तुकडा वजन करायला लावला आणि पक्कं बिल घेतलं. कुणी हरकत घेतली नाही. तांब्याचेच जाड लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतले. अर्थची केबल जिथे बसते तिथला रंग सॅण्डपेपरने घासून लोखंड उघडं केलं. आमच्या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीला जातं. तुमची तशी असेल तर लाल-काळ्या रंगावर जाऊ नका, बॅटरीवरची खूण बघूनच जोडा. आता दोन्ही बाजू मिळून 0.25 पडतात.

त्या दुकानात मी परत गेलो होतो. चिरलेला तुकडा समोर ठेवला. ही केबल आपली नाहीच, म्हणाला, बिल दाखवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यांनीही पहिल्यांदा बिलच मागितलं. वहीचा तो कागद आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवला आहे.

जुन्या केबल परत द्या, एवढं मी शेवटी मागितलं. नुसतं आवरण बदललं असतं तर त्या अजून कित्येक वर्षं चालल्या असत्या. तो म्हणाला, त्या तर त्याच दिवशी तांब्याच्या भावात गेल्या.