जुने पौंड आणि रुपयांतले बिल : इंग्लंडला निघालेल्या गोवेकरांसाठी

गोव्यातून इंग्लंडला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांच्या घरी, व्हिसा हाती पडला की एकच चर्चा सुरू होते : पैसे रोख न्यावेत की कार्डावर भिस्त ठेवावी. २०२४ च्या उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता डिचोलीहून स्विंडनला गेलो, तेव्हा आम्ही दोन्हींची सोय करून निघालो होतो आणि दोन्हींकडून फसवले गेलो. म्हणूनच रोख की कार्ड हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. आपल्या रुपयाचे पौंड कोण करून देतो आहे आणि कोणत्या दराने, हे आधी पाहिले पाहिजे, कारण आमचे पैसे दोन्ही वेळा त्याच जागी गेले.

म्हापशाच्या बाजारात तिकिटे आणि व्हिसाची कामे करून देणारे एक गृहस्थ आहेत. आमची तिकिटे त्यांनीच काढली होती. तिकिटे हाती देताना ते म्हणाले, “काका, बँकेत गेलात तर पॅन मागतील, पासपोर्ट मागतील, चार फेऱ्या मारायला लावतील. माझ्याकडे घरचेच पौंड आहेत, आपल्याच माणसांनी स्विंडनहून आणलेले. दरही दोन रुपये कमी लावतो.” त्या वेळी बाहेर पौंडाचा दर १०५ रुपयांच्या आसपास होता आणि त्यांनी १०३ सांगितला. स्विंडनमध्ये आपल्या गोव्याची एवढी माणसे राहतात की सुटीत आलेल्या कोणी पौंड मागे ठेवले असतील, यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. ६०० पौंड, म्हणजे वीसच्या ३० नोटा, ६१,८०० रुपये रोख देऊन आम्ही घेतल्या. बिल मिळाले नाही.

पुडक्याच्या वरच्या आणि खालच्या नोटा प्लास्टिकच्या, नव्या, चकचकीत होत्या आणि मधल्या कागदी होत्या. विचारल्यावर ते म्हणाले, “तिथे दोन्ही चालतात.” हे उत्तर फार बेतून दिलेले होते, कारण एके काळी ते खरे होते. बँक ऑफ इंग्लंडने २० पौंडांची प्लास्टिकची नोट फेब्रुवारी २०२० मध्ये आणि ५० पौंडांची जून २०२१ मध्ये चलनात आणली, आणि त्यानंतर काही काळ जुन्या कागदी नोटाही व्यवहारात होत्या. मात्र ३० सप्टेंबर २०२२ नंतर २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटांची कायदेशीर चलन म्हणून मुदत संपली. पाच आणि दहा पौंडांच्या कागदी नोटा त्याच्याही आधी, अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये, बाद झाल्या होत्या. आम्हाला ज्या नोटा विकल्या गेल्या त्या दुकानांत चालेनाशा होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

स्विंडनमधल्या किराणा दुकानदाराने पहिलीच कागदी नोट परत केली. घरी येऊन जावयांनी पुडके सोडवून पाहिले, तर ३० पैकी फक्त आठ नोटा चालणाऱ्या निघाल्या. जावयांचे खाते ज्या बँकेत आहे ती सारा कारभार मोबाईलवरच करते आणि तिला शाखाच नाही, त्यामुळे नोटा तिथे भरण्याचा मार्ग नव्हता. बाद झालेल्या नोटा बदलून देण्याला बँक ऑफ इंग्लंडने कोणतीही मुदत घातलेली नाही, असे कळल्यावर जावई रजा काढून मला लंडनला घेऊन गेले. थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या त्या इमारतीत ओळखपत्र दाखवून, रांगेत उभे राहून २२ नोटा दिल्या. त्यांतल्या सोळा बदलून मिळाल्या. उरलेल्या सहा बनावट ठरल्या. बनावट नोट बँक ठेवून घेते आणि तिच्या बदल्यात काहीही देत नाही.

त्या सहा नोटांचे १२,३६० रुपये गेले, दोघांचे रेल्वेचे भाडे गेले, आणि मुलगी दवाखान्यात असताना जावयांचा एक दिवस गेला. बँकेपेक्षा दोन रुपये कमी दराने सहाशे पौंडांवर आमचे वाचले होते बाराशे रुपये.

हा धंदा कसा चालत असावा, याविषयी माझा एक तर्क आहे. गोव्यातल्या कितीतरी घरांत कपाटाच्या खणात जुने पौंड पडून आहेत. ते बाद झाले एवढेच घरच्यांना ठाऊक असते, बदलून मिळतात हे ठाऊक नसते. कोणीतरी ते अर्ध्यामुर्ध्या किमतीला गोळा करतो आणि पहिल्यांदाच इंग्लंडला निघालेल्या वयस्कर माणसांच्या गळ्यात घालतो. चलनात नसलेली नोट रोज हाताळणारा कोणी उरलेला नसतो, म्हणून तिच्यात बनावट नोट मिसळली तरी सहसा पकडली जात नाही. परत आल्यावर मी त्या गृहस्थांकडे गेलो, तेव्हा त्यांनी ‘या नोटा मी दिल्याच नाहीत’ असे शांतपणे सांगितले. बिल नसल्यामुळे माझ्या हाती पुरावा नव्हता. आणखी वाईट म्हणजे, परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ प्रमाणे परवाना नसलेल्या माणसाकडून परकीय चलन घेणे हाच नियमभंग आहे आणि त्याचा दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. अशा माणसांना हे पक्के माहीत असते, आणि गिऱ्हाईक तक्रार करायला कचरेल या भरवशावरच ते बिनधास्त असतात.

म्हणून पौंड घ्यायचे ते बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडूनच. परवाना आणि त्या दिवसाचे दर तिथे दर्शनी भागात लावलेले असतात, पासपोर्ट आणि पॅन मागितले जातात, ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने घेतली जात नाही आणि बिल मिळते. जिथे यांतले काहीच मागत नाहीत तिथून उठून यावे. नोट हातात आल्यावर ती प्लास्टिकची आहे का आणि तिच्यात आरपार दिसणारी खिडकी आहे का, हे पाहावे. राजे चार्ल्स यांचे चित्र असलेल्या नोटा ५ जून २०२४ पासून आल्या आहेत, पण राणी एलिझाबेथ यांच्या प्लास्टिकच्या नोटाही चालतात, तेव्हा राणीचे चित्र पाहून घाबरण्याचे कारण नाही.

कार्डाची फसवणूक इतकी सभ्यपणे होते की कित्येकांना ती झाल्याचे कधी कळतच नाही. नातवासाठी २०० पौंडांची बाबागाडी घेतली. विक्रेत्याने मशीन स्वतःकडे वळवून एक बटण दाबले आणि मग पिन घालण्यासाठी ते माझ्यापुढे धरले. पावतीवर रक्कम रुपयांत होती : २२,४००. आपले कार्ड भारतातले आहे हे मशीन ओळखते आणि ‘पौंडात देणार की रुपयांत’ असे विचारते. रुपयांत दिले तर विनिमय व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होत नाही, दुकानाच्या बाजूची यंत्रणा स्वतःच्या दराने तो करते आणि आपला नफा त्यातच धरते. मला ११२ रुपयांचा दर लागला होता, तर त्या दिवशी कार्डाचा दर १०६ होता. पौंडात दिले असते तर २१,२०० रुपये, त्यावर माझ्या बँकेचे दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, असे सुमारे २१,७०० रुपये झाले असते. प्रत्यक्षात २२,४०० तर गेलेच, शिवाय परदेशात रुपयांत व्यवहार केला म्हणून माझ्या बँकेने एक टक्का आणि त्यावरचा कर वेगळा लावला. एकूण २२,६६४. एका खरेदीत साडेनऊशे रुपयांहून अधिक गेले, आणि रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो एवढाच त्याचा मोबदला.

हा पर्याय ग्राहकाला विचारूनच निवडायचा असतो. मला विचारले गेले नव्हते, म्हणून मी बँकेकडे लेखी तक्रार केली. पण ‘मला चलनाचा पर्याय देण्यात आला होता’ या अर्थाचे वाक्य पावतीवर छापलेलेच असते, आणि पिन मी घातला होता. बँकेने दावा फेटाळला. तेव्हा सावध राहायचे ते पिन घालण्यापूर्वीच : “पौंडातच घ्या” असे आधी सांगावे, पडद्यावर पौंडाचे चिन्ह दिसल्याशिवाय बोट पुढे करू नये, आणि पावती रुपयांत आलीच तर काउंटरवरून न हलता व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावावा. एटीएमवर हाच प्रश्न अशा शब्दांत विचारला जातो, की ‘रूपांतर नको’ म्हटले तर पैसेच निघणार नाहीत असे वाटावे. पैसे निघतात. ज्यांनी इथूनच पौंड भरून फॉरेक्स कार्ड नेले आहे त्यांनी तर रुपयांना कधीच होकार देऊ नये, कारण मग पौंडाचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा पौंड असा दुहेरी विनिमय होऊन दोन्हीकडे कात्री लागते.

इंग्लंडमध्ये रोख रक्कम लागते तरी किती? लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, आणि आम्ही गेलो त्या बहुतेक दुकानांत लहानसहान खरेदीही कार्डावर झाली. अडीअडचणीपुरते शे-दीडशे पौंड पुरे आहेत. बाकीच्यासाठी दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे, वेगवेगळ्या पिशव्यांत. भारतातल्या कार्डांवर परदेशी वापर मुळात बंद असतो, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. हा वापर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपवरून सुरू करावा आणि परत आल्यावर बंद करावा.

घरात जुन्या कागदी पौंडांच्या नोटा असतील तर त्या बाजारात कोणालाही विकू नका. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलाकडे, भाचीकडे, शेजाऱ्याकडे द्या. बँक ऑफ इंग्लंड त्या आजही पूर्ण किमतीला बदलून देते, आणि त्या नोटा अशा गृहस्थांपर्यंत पोहोचल्याच नाहीत, तर पुढच्या कुटुंबाच्या पुडक्यात घालायला त्यांच्याकडे काही उरणार नाही.