आईंना दिलेलं ‘सूर्याचं इंजेक्शन’

सासूबाईंच्या रक्तात व्हिटॅमिन डी खरोखरच कमी होतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण आम्हाला फसवणाऱ्या माणसाने याच खऱ्या गोष्टीला धरून पुढचं सगळं रचलं.

आई 67 वर्षांच्या. आमवात होऊन बारा वर्षं झाली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवात आटोक्यात ठेवणारी गोळी, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड, दर तीन महिन्यांनी रक्त तपासणी, असं सगळं बसलेलं होतं. आम्ही डोंबिवलीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. समोरची इमारत इतकी जवळ की सकाळचं ऊन आमच्या बाल्कनीत फार तर वीस मिनिटं टिकतं, आणि तेही सरकत्या काचांमधून. आई रोज त्या काचेमागे खुर्ची टाकून बसायच्या. काचेतून ऊब येते, पण त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे अतिनील-बी किरण साध्या खिडकीच्या काचेतच अडतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रिपोर्ट 14 आला. 20 नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. आमच्या डॉक्टरांनी 60 हजार युनिटचं पाकीट दिलं, आठवड्याला एक, आठ आठवडे, आणि नंतर पुन्हा तपासू म्हणाले.

त्यातली तीन पाकिटं झाली होती तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर लागलं. ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’. कमिटीने परवानगी दिलेली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली एक चकचकीत धातूची कांडी. ती मुठीत धरून मिनिटभर बसायचं. रक्त नाही, लघवी नाही. आधी वय, उंची, वजन टाइप करून घेत होते. मग प्रिंटरमधून तीस-पस्तीस पानं बाहेर यायची, प्रत्येक पानावर लाल बाण. आईंच्या व्हिटॅमिन डीपुढे सगळ्यात मोठा लाल बाण होता. आमच्याकडचा खरा रिपोर्टही कमीच होता, त्यामुळे माझा त्या मशीनवर विश्वास बसला.

ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत होते त्यांनी पडद्यावर माहिती दाखवली. त्यातली बरीचशी खरी होती, हे मी नंतर पडताळून पाहिलं. नील्स फिन्सेन यांना 1903 साली प्रकाशाने त्वचेच्या क्षयरोगावर उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं, हे खरं. उन्हाअभावी मुलांना मुडदूस होतो, हेही खरं. सावळ्या त्वचेला ऊन जास्त वेळ लागतं, खरं. आणि मग त्याच आवाजात, त्याच ओघात: “तुमचा संधिवात, मधुमेह, थायरॉइड हे आजार नाहीतच. ही सगळी सूर्याची कमतरता आहे. ती भरून काढली की गोळ्या सुटतात.” ही उडी कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही नाही. बारा वर्षं सुजलेल्या बोटांनी पोळ्या लाटणाऱ्या बाईला कुणी गोळ्या सुटतील म्हटलं, तर तिला ते ऐकायचंच असतं. आईंनी माझा हात दाबला. मी तिथेच पाच हजार भरले, पुढच्या आठवड्यात उरलेले साडेअठरा.

पॅकेज साडेतेवीस हजारांचं. सहा ‘सूर्य बूस्टर’ इंजेक्शनं, दर दहा दिवसांनी एक, घरी येऊन देणार. दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या. आणि एक तांबडा दिवा, गुडघ्यावर रोज अर्धा तास. तो दिवा फक्त शेक देणारा होता, त्यातून अतिनील-बी किरण येतच नाहीत. पण दिव्याने नुकसान तरी केलं नाही.

इंजेक्शन द्यायला येणारा मुलगा सिरिंज भरूनच आणायचा. त्यात काय आहे विचारलं की “सरांचा फॉर्म्युला आहे” एवढंच. पावती मागितली तर “शेवटी एकदम देतो”. दुसऱ्या इंजेक्शननंतर सरांचा फोन आला: “आजींची ती कडक गोळी आता बंद करा, ती व्हिटॅमिनला काम करू देत नाही.” आम्ही मेथोट्रेक्सेट बंद केलं. आमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना न विचारता. हा निर्णय मी घेतला आणि तो चुकीचा होता.

चौथ्या इंजेक्शनच्या सुमारास आईंना तहान लागायला लागली. रात्रीतून चार-पाचदा बाथरूम. बद्धकोष्ठ, मळमळ, जेवणावर वासना नाही. मी फोन केला तर म्हणाले, “छान! शरीर शुद्ध होतंय.” त्याच दिवसांत घरी येऊन त्यांनी पुन्हा ती कांडी धरायला लावली. रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ‘अजून कमी’. उरलेली दोन इंजेक्शनंही झाली.

एका सकाळी आईंनी चहाचं आधण ठेवलं आणि गॅस न पेटवताच ओट्यापाशी उभ्या राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. मी विचारलं तर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “सुमे, पाणी उकळत का नाही गं?” सुमा त्यांची धाकटी बहीण. ती जाऊन सहा वर्षं झाली. तासाभरात आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं.

रक्तातलं कॅल्शियम 13.1 होतं, ते साधारण साडेदहाच्या आत असायला हवं. क्रिएटिनिन 0.9 वरून 2.1 वर गेलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “व्हिटॅमिन डी किती घेतलंत?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग मला आठवलं, शेवटच्या वेळी त्या मुलाने आमच्याच बेसिनपाशी सिरिंज भरली होती. घरी येऊन बाथरूममधली कचऱ्याची पिशवी उपसली. कागदात गुंडाळलेली, मान मोडलेली तपकिरी काचेची बारीक कुपी सापडली. लेबल अर्धं खरवडलेलं, पण ‘6,00,000’ वाचता येत होतं. सहा लाख युनिट. असली सहा. रक्तातलं व्हिटॅमिन डी आलं 196. दीडशेच्या वर गेलं की विषबाधा धरतात.

आमच्या केमिस्टने सांगितलं, अशी कुपी शंभर रुपयांच्या आतच मिळते.

उन्हाने असं होत नाही, हे डॉक्टरांनी मला नीट समजावलं. ऊन जास्त झालं की त्वचा स्वतःच जादा घटक निकामी करून टाकते. त्वचा भाजेल, पण व्हिटॅमिन डीची विषबाधा होणार नाही. सुईतून किंवा तोंडातून गेलेल्याला तसा अटकाव नाही. शिवाय हे चरबीत साठतं, त्यामुळे बंद केल्यावरही महिनोन्‌महिने अंगात राहतं. आतड्यातून आणि हाडातून कॅल्शियम रक्तात ओढलं जातं, आणि त्यातून तहान, उलट्या, भ्रम आणि मूत्रपिंडाची दुखणी. वर आम्ही रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्याही देत होतो.

मग मी वाचायला लागले. अमेरिकेत 25,871 लोकांवर ‘व्हायटल’ नावाचा मोठा अभ्यास झाला. रोज 2,000 युनिट, सुमारे पाच वर्षं. कॅन्सर आणि हृदयविकार होण्याचं प्रमाण त्याने घटलं नाही. आमवातासारखे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारे आजार नव्याने होण्याचं प्रमाण मात्र थोडं कमी दिसलं. सरांनी पडद्यावर हाच आकडा दाखवला असणार. पण तो आजार अजून न झालेल्या लोकांचा होता. झालेला आमवात बरा होतो किंवा औषध सोडता येतं, असं त्यात कुठेही नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 2,423 जणांना रोज 4,000 युनिट देऊन पाहिलं, तिथेही मधुमेह टळल्याचं ठामपणे दिसलं नाही. आणि एक हिशोब मी कागदावर मांडला. रोज 2,000 प्रमाणे पाच वर्षांत होतात साडेछत्तीस लाख युनिट. आईंच्या अंगात छत्तीस लाख गेली होती, सात आठवड्यांत.

नऊ दिवस सलाइन. कॅल्शियम उतरवायला स्टेरॉइड द्यावं लागलं, त्याने सांध्यांनाही तात्पुरता आराम पडला. पण मेथोट्रेक्सेट लगेच सुरू करता येईना, कारण ते मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं आणि मूत्रपिंड सावरेपर्यंत थांबणं भाग होतं. स्टेरॉइड कमी होताच आमवात पुन्हा उसळला. आता औषध सुरू आहे, पण उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. निऱ्या मी घालून देते.

सरांचा फोन बंद आहे. पत्रकावरचा पत्ता एका भाड्याच्या गाळ्याचा निघाला. ते पत्रक मात्र मी जपून ठेवलंय, कारण त्यावर ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं छापलंय, आणि अशी जाहिरात 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा ठरते. पत्रक, फुटलेली कुपी, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि दोन्ही रिपोर्ट जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली आहे. तुमच्या घरी कुणी असं इंजेक्शन देत असेल तर कुपी टाकू नका. डोस त्या लेबलवरच कळतो, आणि हॉस्पिटलमध्ये तोच पहिल्यांदा विचारतात. खूप तहान, बद्धकोष्ठ, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल तर त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. बरीच वर्षं चालू असलेली गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

आमच्या सोसायटीत अकरा घरांनी पैसे भरले होते. मी आईंचे रिपोर्ट घेऊन प्रत्येक दारात गेले. दहा जणांनी लगेच थांबवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची चार इंजेक्शनं झाली आहेत, गुडघे हलके वाटतात म्हणतात, आणि सरांना शिव्या दिलेल्या त्यांना चालत नाहीत. खूप मिनतवारीनंतर काल त्यांनी रक्त द्यायचं कबूल केलं. त्यांचा रिपोर्ट उद्या संध्याकाळी येईल, आणायला मीच जाणार आहे.