डिसेंबरिस्ट्सचा ‘पिकारेस्क’: कित्येक महिने ऐकल्यानंतर

‘पिकारेस्क’ हा अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ‘द डिसेंबरिस्ट्स’ या बँडचा तिसरा अल्बम. मार्च २००५ मध्ये ‘किल रॉक स्टार्स’ या लेबलने तो काढला. ११ गाणी, एकूण तासाला थोडी कमी. रेकॉर्डिंग पोर्टलंडमधल्याच एका जुन्या बॅप्टिस्ट चर्चच्या इमारतीत झालं आणि निर्मितीत ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ या दुसऱ्या बँडचा ख्रिस वॉला बँडसोबत होता. गाणी लिहिणारा आणि गाणारा कॉलिन मेलॉय.

सुरुवातीला हा अल्बम नुसता मजेचा वाटतो. हत्ती, व्हेल, भूत, हेर, अ‍ॅकॉर्डियन, जुन्या वळणाचे शब्द. बरेच जण ‘गमतीशीर आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. पण नवलाई ओसरल्यावरही तो टिकतो, आणि त्याचं कारण मला एकच दिसतं: इथे प्रत्येक गाणं कुणाच्या ना कुणाच्या तोंडून येतं, आणि तो बोलणारा कोण, कुठे उभा आहे, खरं सांगतोय का, हे बहुतेक वेळा उशिरा कळतं. ते कळलं की आधीची सगळी गंमत वेगळी ऐकू येते.

पहिलंच गाणं घ्या, ‘द इन्फँटा’. शिंग फुंकल्यासारखा आवाज, धाडधाड ड्रम आणि राजकन्येची मिरवणूक. शंभर हत्ती, प्रत्येकावर अंबारी, त्यात ड्यूक, त्याच्या मुली, मत्सराने जळणारी निपुत्रिक बॅरोनेस. शब्द इतक्या झपाट्याने येतात की पहिल्या काही वेळा फक्त झगमगाट लक्षात राहतो. शेवटच्या कडव्यात मात्र ती राजकन्या म्हणजे झोपलेलं तान्हं बाळ निघते. तिला स्वप्न पडतंय ते संथ ओढ्यांचं, आणि तिचा पाळणा ज्या तळ्यातून ओढून काढला होता त्या तळ्याचं. म्हणजे ज्या मुलीसाठी हा सारा लवाजमा, ती मुळात पाण्यात सापडलेली. हे एका ओळीत येतं आणि मागे ड्रम जराही थांबत नाहीत, म्हणून ते निसटतं. गाण्याचे शब्द समोर ठेवून एकदा ऐकलंत की पुन्हा निसटणार नाही. बॅरोनेसचा राग नेमका कशावर आहे, तेही तेव्हाच उमगतं.

‘ईलाय, द बॅरो बॉय’ हे याच्या अगदी उलट टोकाचं. हातगाडीवर कोळसा आणि झेंडूची फुलं विकणारा पोरगा, जेमतेम तीन मिनिटं, जवळजवळ नुसती गिटार. मेलेल्या प्रेयसीसाठी भारी झगा घ्यायची त्याची ऐपत नाही. मग तो नदीत बुडालेला सापडतो, चर्चच्या आवारात पुरला जातो, आणि तरीही चांदण्या रात्री गाडी ढकलत ओरडत फिरतो. गाण्याची चाल शेवटपर्यंत तीच राहते. जिवंतपणीची हाळी आणि मेल्यानंतरची हाळी यांत काही फरक केलेला नाही, आणि तेच अंगावर येतं.

इथेच ऐकण्यातली एक नेहमीची अडचण सांगून टाकतो. ‘द इन्फँटा’च्या हिशेबाने आवाज लावला की ‘ईलाय’ पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. ‘ईलाय’साठी वाढवला की पुढची गाणी कानठळ्या बसवतात. अ‍ॅपमधलं आवाज समान करण्याचं सेटिंग गाण्यागणिक चालत असेल तर सगळी गाणी एकाच पातळीला येतात आणि हा चढउतार सपाट होतो. ते अल्बमनिहाय ठेवा किंवा बंद करा, आणि आवाजाची पातळी ‘ईलाय’वर नाही, दुसऱ्या गाण्यावर ठरवा. शफल तर नकोच, कारण मोठ्या गाण्यानंतर लहान गाणं येणं ही इथली मुद्दाम केलेली मांडणी आहे.

ते दुसरं गाणं, ‘वी बोथ गो डाउन टुगेदर’. व्हायोलिन इतकं गोड की हे प्रेमगीत म्हणून सहज खपतं. श्रीमंत घरचा मुलगा, मजूर छावणीतली मुलगी, आणि दोघांनी मिळून कड्यावरून उडी. पण हे सगळं सांगतोय तो मुलगा. ती रडत होती, तरी मनातून राजी होती, असं तोच म्हणतो. तिचा एकही शब्द आपल्याला ऐकू येत नाही. एकदा हे ध्यानात आलं की ते व्हायोलिन नकोसं वाटायला लागतं, आणि माझ्या मते ते तसं वाटावं म्हणूनच इतकं गोड ठेवलंय. ‘गमतीशीर’ म्हणून लहान मुलांना हा अल्बम लावून देणाऱ्यांनी या गाण्याचा आणि ‘ऑन द बस मॉल’चा विचार आधी करावा. ‘ऑन द बस मॉल’मध्ये पोर्टलंडच्या रस्त्यावर देह विकून जगणारी, घरातून पळालेली दोन पोरं आहेत.

‘सिक्स्टीन मिलिटरी वाइव्ह्ज’ ब्रासच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या, ठेक्यावर नाचवतं, आणि त्यातली आकडेमोड तंतोतंत आहे. १७ जण जातात, १२ परत येतात. मग पत्र जातं ५ बायकांना, आणि अश्रू गळतात १० डोळ्यांतून. नाचता नाचता ही वजाबाकी ऐकू येत नाही, कारण आकडे बडबडगीतासारखे येतात. व्हिडिओही पाहा: शाळेतल्या लुटुपुटूच्या संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिका लक्झेंबर्गवर युद्ध पुकारते. गाण्यातला राग मात्र त्या काळातल्या अमेरिकेचा आहे, त्यामुळे हे गाणं इतरांपेक्षा लवकर जुनं झालंय.

‘द इंजिन ड्रायव्हर’मध्ये बोलणारा आधी स्वतःला इंजिन ड्रायव्हर म्हणवतो, मग तारा ओढणारा लाइनमन, मग सावकार. ध्रुपदात कबूल करतो की तो कथा लिहिणारा आहे. म्हणजे बाकीच्या भूमिका त्यानेच रचलेल्या, कुणाला तरी विसरण्यासाठी. अल्बमची किल्ली हवी असेल तर ती इथे आहे.

उणं काय? ‘द बॅगमन्स गॅम्बिट’ ही हेरगिरीची गोष्ट सात मिनिटांची. वॉशिंग्टनमधला सरकारी माणूस एका हेर बाईसाठी कागदपत्रं फोडतो. सुरुवात अप्रतिम, पण मधला गोंगाट वारंवार ऐकताना थकवतो. त्यानंतर लगेच संथ ‘फ्रॉम माय ओन ट्रू लव्ह’ येतं, ऐंशी वर्षं पत्राची वाट बघण्याचं, आणि मधला भाग जड होतो. मेलॉयचा नाकातला आवाजही सगळ्यांना मानवेल असं नाही. काही ठिकाणी दुर्मीळ शब्द केवळ यमकासाठी ओढून आणलेत.

हे सगळं माफ होतं ते दहाव्या गाण्यामुळे. ‘द मरिनर्स रिव्हेंज साँग’, पावणेनऊ मिनिटं. दोन माणसं व्हेलच्या पोटात अडकलीत, वर फासळ्यांचं छत. वेळ आहे म्हणून एक जण दुसऱ्याला गोष्ट सांगतो. मी ३ वर्षांचा होतो, तू १८ चा. माझ्या विधवा आईला तू नादी लावलंस, जुगारात बुडवून पळालास. घरदार गेलं, आई क्षयाने गेली, मरताना सूड घ्यायला सांगून गेली. पुढे १५ वर्षं रस्त्यावर, मग मठात नोकरी, एका खलाशाच्या बोलण्यातून लागलेला पत्ता, २० महिने समुद्रात पाठलाग, आणि ऐन वेळी व्हेल.

‘तू’ म्हणून ज्याला बोललं जातंय, त्या जागी ऐकणारा बसलेला असतो. म्हणजे गुन्हेगार आपण. गोष्टीला आपण हसत असतो, आणि ती आपल्यालाच सांगितली जात असते. हिशेब केला तर सांगणारा नुकता विशीतला आणि समोरचा पस्तिशीच्या आसपासचा. दोघांच्या वयातला फरक पाहता तो कपटी माणूसही तेव्हा पोरगाच होता, हे मला फार उशिरा खटकलं.

हे गाणं सगळ्या बँडने एकाच माईकभोवती उभं राहून रेकॉर्ड केलं. अशा रेकॉर्डिंगमध्ये नंतर कुणाचा आवाज वेगळा वरखाली करता येत नाही. कोण माईकच्या किती जवळ, त्यावरच सगळं ठरतं. म्हणून डाव्या-उजव्या कानातली गंमत इथे शोधू नका, जवळ-लांबचं अंतर ऐका. त्यासाठी बरे हेडफोन लागतात. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर जातात आणि उरतो तो नुसता अ‍ॅकॉर्डियनचा कर्कशपणा.

मैफलीत व्हेल येते तेव्हा प्रेक्षकांना गिळले जात असल्यासारखं किंचाळायला सांगितलं जातं. ती रेकॉर्डिंगं धमाल आहेत, पण स्टुडिओतलं गाणं पाठ झाल्यावरच ऐका. त्या किंकाळ्यांखाली वाद्यांचं काम बरंचसं झाकलं जातं.